साहेब चुकलं म्हणायला येतात

गणपतराव खुर्चीतच गेले, आणि ते गेल्यावरही साहेबांनी त्यांना चांगलं झाडून काढलं.

साहेब म्हणजे विद्यापीठाचे कुलसचिव विजयसिंह सरनोबत. विद्यापीठ खासगी, कोल्हापूरच्या बाहेर माळावरचं. नाव सांगून उगाच त्यांच्या प्रवेशांवर परिणाम नको. साहेब रोज सकाळी सगळ्या विभागांतून फेरी मारायचे, आणि ते दारात दिसले की सगळ्यांनी ताडकन उभं राहायचं असा रिवाज होता. लेखी नियम नव्हता. लेखी असता तर कुणी पाळला नसता. त्या सकाळी आस्थापना विभाग उभा राहिला, एकटे गणपतराव बसून राहिले. चष्मा नाकावर, पेन हातात, मान खाली.

"काय गणपती, जावई हाईस काय विद्यापीठाचा?" साहेब म्हणाले.

गणपतराव काही बोलले नाहीत.

"वर बघ की. मी काय भिंतीसंगं बोलालोय?"

मग साहेबांनी गणपतरावांची अक्कल, त्यांचं गाव, त्यांचं वय आणि टेबलावरचा फायलींचा ढीग यांचा एकेक करून समाचार घेतला. बाकीचे माना खाली घालून उभे. साहेबांचा आवाज चढला की विभागातले लोक सवयीनंच "चुकलं साहेब" म्हणतात. कुणाचं चुकलं, काय चुकलं, हे विचारायची पद्धत नाही. त्या दिवशीही दोघंतिघं गणपतरावांच्या वतीनं पुटपुटले. साहेबांनी तिथल्या तिथं मेमो काढायला सांगितला. शेवटी शिपाई पिराजीनं गणपतरावांना सावध करायला म्हणून खांद्याला हात लावला, आणि गणपतराव हळूच फायलींवर कलंडले.

साहेब म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई व्हय?"

शोकसभेत साहेब भावुक झाले. "शेवटच्या क्षणापर्यंत माझा त्यांच्याशी संवाद चालू होता," असं त्यांनी सांगितलं, आणि यात खोटं काहीच नसल्यामुळं सगळ्यांनी मान डोलावली.

आता त्या मेमोचं. या विद्यापीठात वैद्यकीय बिल एकदा आत गेलं की त्याचे दिवस घालावेत इतकं गायब होतं, पण मेमोला मात्र कुठली वाट चुकत नाही. टाइप झाला, जावक क्रमांक पडला, आणि डाकेच्या गठ्ठ्यातून कक्ष अधिकारी कृष्णात चौगुलेच्या टेबलावर आला. कृष्णातनं गठ्ठ्यावर सह्या करायच्या तशा केल्या, 'कुलसचिवांकरिता' म्हणून. गठ्ठा वाचून सह्या करणारा अधिकारी त्या इमारतीत अजून जन्माला यायचा होता. पोस्टमन शिवाजी पेठेत गणपतरावांच्या दारात पोचला तेव्हा आत बाराव्याची पानं वाढत होती. 'वरिष्ठ आले असता आपण उभे राहिला नाहीत. याचा खुलासा तात्काळ सादर करावा.'

त्यानंतरच्या रविवारी गणपतरावांच्या पत्नी बनाबाई राजारामपुरीत कृष्णातच्या फ्लॅटवर आल्या. त्याची बायको संयोगिता पाणी घेऊन आली. बनाबाईंनी पिशवीतनं मेमो काढून टीपॉयवर ठेवला आणि हातानं सरळ केला.

"भाऊजी, खुलासा मागितलाय. आता कुणी द्यायचा?"

कृष्णातनं खालची स्वतःची सही बघितली. चांगली ठसठशीत आली होती. तो म्हणाला, "वहिनी, ते... यंत्रणेकडनं जरा..."

"मला यंत्रणा नगं. माणूस गेला, ते देवाच्या हातात. पण मेलेल्याला त्येनं शिव्या घातल्या, समद्या हापिसाम्होरं. त्येनं घरला यावं, ह्यांच्या फोटोम्होरं हुबं ऱ्हावं आणि चुकलं म्हणावं. मला पैसा नगं, नोकरी नगं. येवढा एक शब्द पायजे."

"बघतो," कृष्णात म्हणाला.

बनाबाई गेल्यावर संयोगिता म्हणाली, "अहो, सोसायटीच्या टाकीचंही तुम्ही बघतोच म्हणाला होता. अजून गळतीय ती."

"टाकी वेगळी, हे वेगळं."

"तेच म्हणते. टाकीला निदान भोक कुठं हाय ते दिसतंय."

कृष्णात काही लढवय्या नव्हता. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन 'साहेब, तुमचं चुकलं' असं म्हणणारा माणूस तो नव्हे. तसा माणूस त्याला भेटला असता तर त्यानं त्याची बदलीची ऑर्डर आधीच टाइप करून ठेवली असती. पण नशिबानं त्याच महिन्यात बाहेरून मूल्यांकन समिती येणार असल्याचं कळलं, आणि तिच्या प्रश्नावलीत एक मुद्दा निघाला: कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य आणि सन्मानपूर्ण वागणूक यासाठी आपण काय करता?

साहेबांनी बैठक बोलावली. "आपण काय करतो?" असं विचारलं. कुणी बोलेना. साहेब म्हणाले, "माणसं हायसा का मेंढरं?" सगळे म्हणाले, "चुकलं साहेब." तेव्हा साहेबांनी 'कर्मचारी स्वास्थ्य व सन्मान कक्ष' स्थापन केला आणि त्याचा प्रमुख म्हणून कृष्णातला नेमलं, कारण तो शांत होता. कृष्णातच्या छातीत एकदम उजेड पडला. या कक्षाच्या पोटात लपवून तो एक शब्द शिवाजी पेठेपर्यंत नेता येईल, असं त्याला वाटलं. छोटंसं काम. एकच शब्द, त्यातलाही शेवट अनुस्वाराचा.

पण सरकारी काय आणि खासगी काय, कार्यालयात कुठलीही गोष्ट एकटी जात नाही. कक्ष म्हटला की उपक्रम आले. पहिला उपक्रम म्हणून हास्ययोग सुरू झाला. सकाळी हजेरी लावून सगळ्यांनी हिरवळीवर हसायचं. परीक्षा विभागाचे लोक हसत नाहीत अशी तक्रार आली. त्यांना ताकीद गेली. पिराजी फार मोठ्यानं आणि भलत्याच वेळी हसतो अशीही तक्रार आली. साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, "कुणाकडं बघून हसतोस रं?" पिराजी म्हणाला, "चुकलं साहेब," आणि त्याचं हास्य एक आठवडा निलंबित झालं. ताण कमी करायचं व्याख्यान जेवणाच्या सुट्टीत ठेवल्यामुळं लोक उपाशी राहिले, आणि दोघांना चक्कर आली. त्यांची नोंद 'लाभार्थी' म्हणून झाली.

या सगळ्या गदारोळात कृष्णातनं अहवालाच्या मसुद्यात हळूच एक ओळ घुसवली: 'दिवंगत कर्मचाऱ्याच्या कुटुंबास मा. कुलसचिवांची भेट व दिलगिरी'. साहेबांनी मसुदा वाचला.

"ह्याचा फोटो येतोय काय?"

"येतोय की साहेब. जिओटॅगसकट. कुठं काढला तेही उमटतंय."

"मग जाऊया," साहेब म्हणाले. "फक्त ते दिलगिरीचं विधी अधिकाऱ्याला दाखव."

विधी अधिकारी धैर्यशील यांनी आयुष्यात कुठल्याही कागदावर 'होय' असं लिहिलेलं नव्हतं. दिलगिरीसाठी कृष्णातनं लिहून नेलेला 'चुकलं' हा शब्द त्यांनी पेन्सिलीनं गोल करून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघितलं.

"चौगुले, हे कबूल केल्यासारखं होतंय."

"कबूलच करायचंय सर."

"मग ते फार थेट होतंय. चुकलं असल्यास, असं करा."

"सर, त्या वहिनी एकच शब्द मागतायत."

"त्यांना एकच ऐकू येईल. आपला दुसरा हळू म्हणायचा." मग त्यांनी खाली टीप जोडली: भेटीचं कारण कुणालाही आगाऊ सांगू नये, साहेबांच्या सोबत स्वतः विधी अधिकारी राहतील.

भेटीच्या आदल्या दिवशी साहेबांनी कृष्णातला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. "एकदा म्हणून बघतो," ते म्हणाले. "तू बाईच्या जागी हुबा ऱ्हा." कृष्णात हात जोडून उभा राहिला. साहेबांनी घसा खाकरला, पाणी प्यायले, खुर्चीतनं अर्धे उठले. ओठांचा चंबू झाला. कृष्णातला आयुष्यात पहिल्यांदा साहेबांबद्दल माया वाटली. एखाद्याच्या नरड्यात माशाचा काटा अडकावा तसे ते दिसत होते.

"चु..." साहेब म्हणाले. चेहरा लाल झाला. "चु... च्यायला, जमंल उद्या. सवय न्हाई न्हवं."

तरीही कृष्णात घरी जाताना हलका झाला होता. निम्मा शब्द निघाला होता. त्यानं बनाबाईंना फोन करून सांगितलं, "वहिनी, उद्या येतायत. म्हणणार आहेत." पलीकडनं बनाबाई म्हणाल्या, "बरं झालं. ह्यांचा फोटो पुसून ठेवतो."

इथवर सगळं ठीक होतं. मग कृष्णातनं ती चूक केली. पेठेतली गल्ली अरुंद, साहेबांची गाडी आडवीतिडवी लांबरुंद. बनाबाईंचे शेजारी हंबीरराव, गल्लीतल्या तालमीचे अध्यक्ष, कृष्णातच्या ओळखीचे. त्यांना त्यानं फोन लावला आणि एवढंच विचारलं, "अण्णा, उद्या आमचे कुलसचिव साहेब गणपतरावांच्या घरी येणार आहेत. गाडी कुठं लावू?"

"साहेब येणार? आमच्या गल्लीत?"

"हो."

"कशाला?"

कृष्णातला विधी अधिकाऱ्यांची टीप आठवली. "सहजच," तो म्हणाला.

"मग गाडीची काळजी करू नगा," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो आनंद भरला तो ऐकून कृष्णातनं सावध व्हायला हवं होतं. पण तो त्या वेळी मूल्यांकनाचे फोटो लावत बसला होता.

आता पेठेतली रीत अशी की घरापर्यंत साहेब आला, तर तो कशाला आला हे विचारायचं नसतं. आला म्हणजे फेटा. कर्जाची वसुली करायला आलेल्या बँकेच्या मॅनेजरलाही या गल्लीनं एकदा फेटा बांधून, शाल पांघरून, जेवायला घालून परत पाठवलं होतं, आणि वसुली तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा हालगी सुरू झाली. कृष्णात पुढच्या सीटवर होता. समोर बांबूच्या कमानीवर फ्लेक्स ताणला होता: 'मा. विजयसिंह सरनोबत साहेब यांचे शिवाजी पेठेत सहर्ष स्वागत'. साहेबांचा कुणीतरी इंटरनेटवरनं काढलेला गॉगलमधला फोटो. खाली शुभेच्छुकांचे चौकोनी फोटो, तालमीच्या पोरांचे, हंबीररावांचे. आणि कडेला, घर त्यांचंच म्हणून, गणपतरावांचा पासपोर्ट साइज. शुभेच्छुक, कै. गणपतराव.

"हे काय रं चौगुले?" साहेब म्हणाले.

"चुकलं साहेब," कृष्णात म्हणाला.

पण साहेबांचा आवाज रागावलेला नव्हता. ते काचेतनं स्वतःचा फोटो बघत होते.

पुढचं सगळं कृष्णातच्या हातून निसटत गेलं. साहेब उतरले तसा पोरांनी त्यांना गराडा घातला. दारातच पाट मांडून त्यांना भगवा फेटा बांधला, शेमला पाठीवर लांबलचक सोडला. आधीच येऊन थांबलेल्या पिराजीनं गणपतरावांच्या फोटोसाठी म्हणून निशिगंधाचा हार आणला होता. हंबीररावांनी तो त्याच्या हातातनं काढून घेतला आणि साहेबांच्या गळ्यात घातला. पिराजी म्हणाला, "अण्णा, त्यो हार..." हंबीरराव म्हणाले, "आणलास ते बरं केलंस, आमचा इसरलाच हुता."

कृष्णातनं हंबीररावांना कोपऱ्यात ओढलं. "अण्णा, साहेब सत्काराला आले नाहीत. ते बनावहिनींना काहीतरी बोलायला आलेत."

"बोलू द्या की पावणं. भाषण ठेवलंयच."

"भाषण नको. त्यांना फोटोपुढं एकटं उभं राहू दे."

"फोटोग्राफर सांगितलाय. एकट्याचाबी काढंल, ग्रुपबी काढंल."

साहेबांच्या हातात माइक आला. समोर गल्ली, पाठीमागं भिंतीवर गणपतराव, डोक्यावर फेटा. माइक आणि फेटा एका वेळी मिळाल्यावर चुकलं म्हटलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात कुणी पाहिला असेल तर त्यानं कळवावं. साहेब शिक्षणावर बोलले, पंचगंगेच्या प्रदूषणावर बोलले, फुटबॉलवर बोलले. फुटबॉलला टाळ्या पडल्या म्हणून तिथं जरा जास्त बोलले. मग मागं वळून फोटोकडं हात करत म्हणाले, "आणि आमचे गणपतराव. असा कर्मचारी होणे नाही. मी त्यांना बोललो, पण त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णात बनाबाईंना शोधत होता. त्या कुठंच नव्हत्या. तालमीनं मटण आणून टाकलं होतं, आणि साहेब पेठेतनं उपाशी गेले तर गल्लीची अब्रू जाते म्हणून गल्लीतल्या बायकांनी बनाबाईंना सकाळपासून स्वैपाकघरात उभं केलं होतं.

साहेब जेवले. तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला, पांढरा वाटीनं प्यायले. धैर्यशील सरही जेवले, 'असल्यास' म्हणायची वेळ कधी येते याकडं एक कान ठेवून. शेवटी हात धुऊन सगळे दारात आले. तेव्हा हंबीररावांनी, घरच्या कर्त्या माणसाची जागा रिकामी म्हणून, हात जोडले आणि कुठल्याही पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाले, "साहेब, गरिबाघरचं जेवण. काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "माणसाकडनं हुतंयच की."

त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. ते खरंच समाधानी दिसत होते. गाडीकडं जाताना धैर्यशील सर कृष्णातच्या कानाशी लागले. "झालं की हो. शब्द उच्चारला गेला."

"सर, तो हंबीररावांनी उच्चारला."

"मंजूर मसुद्यात कुणी उच्चारायचा हे कुठं लिहिलंय?"

गाडी कमानीच्या बांबूत अडकली होती. पोरं बांबू उपटत होती, ड्रायव्हर मागं-पुढं करत होता, साहेब काच खाली करून मागच्या सीटवर बसले होते. तेवढ्यात बनाबाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. त्या कृष्णातजवळ आल्या.

"म्हणालं का ते? मी आत भाकऱ्या थापत हुतो, हालगीनं काय ऐकू आलं न्हाई."

त्यांच्या तोंडावर असं काही होतं की हो म्हणून टाकणं फार सोपं झालं असतं. आयुष्यभर कृष्णातनं सगळ्यांना हवं ते उत्तर दिलं होतं. यातही काय जाणार होतं? बनाबाई निवांत झोपल्या असत्या, अहवाल पूर्ण झाला असता, फोटो तर निघालाच होता.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "म्हणाले नाहीत."

"जेवलं न्हवं?"

"जेवले."

बनाबाईंनी पदराला हात पुसले आणि सरळ गाडीपाशी गेल्या. हालगीवाल्यानं त्यांना येताना बघून वाजवायचं थांबवलं.

"साहेब, जेवान बरं हुतं का?"

"फस्क्लास, वहिनी. असा पांढरा रस्सा खाल्ला न्हवता."

"मग आता म्हणा."

"काय म्हणू?"

"ज्यापायी आलासा ते."

सगळी गल्ली ऐकत होती. साहेबांनी कृष्णातकडं बघितलं. कृष्णातनं खाली बघितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धैर्यशील सर साहेबांच्या बाजूला बसले होते, ते कुजबुजले, "असल्यास लावा, साहेब, असल्यास लावा." साहेबांच्या ओठांचा चंबू झाला. चेहरा कालच्यासारखा लाल झाला. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "चल रं," आणि काच वर केली.

घाईत शेमला बाहेर राहिला. गाडी सुटली. बनाबाईंनी तो ओढला नाही, हे कृष्णात कुणासमोरही शपथेवर सांगेल. त्यांनी तो फक्त धरला. बाकीचं गाडीनं केलं. फेटा साहेबांच्या डोक्यावरनं एकेक फेर सुटत काचेच्या फटीतनं बाहेर येत गेला, भगवा पट्टा गल्लीभर लांबत गेला, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मागच्या काचेतनं साहेबांचं उघडं डोकं दिसलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्याचा फेटा उतरला तर पेठ हसत नाही.

मग हंबीरराव म्हणाले, "वहिनी, फेटा तालमीचा हाय. फाटला न्हाई न्हवं?"

बनाबाईंनी तो कोपरावर गुंडाळून त्यांच्या हातात दिला. गल्ली पांगली. पोरं फ्लेक्स उतरवायला लागली. गाडी कृष्णातला मागंच टाकून गेली होती, आणि उद्या ऑफिसात काय वाढून ठेवलंय याचा अंदाज त्याला होता. एवढ्या गोंधळात तो जेवलाही नव्हता. बनाबाईंनी त्याला आत नेऊन पाटावर बसवलं, ताट वाढलं. समोर भिंतीवर गणपतराव, बिनहाराचे. कृष्णातचा घास हातातच राहिला.

"वहिनी, चुक..."

"तुमी नगा म्हणू, भाऊजी," बनाबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली. "तुमी समदी जनं म्हणत ऱ्हायलासा, म्हणून त्येच्यावर कधी पाळी आली न्हाई. जेवा."

कृष्णातनं उरलेला अर्धा शब्द तोंडातच ठेवला आणि भाकरी मोडली.